जुना डेस्कटॉप बदलताना : रिफर्बिश्ड कॉम्प्युटर कसा निवडावा



सकाळी कॉम्प्युटर चालू करायचा, चहा टाकायचा, पिऊन कप विसळून यायचा आणि तरीही पडद्यावर ते गोल चक्र फिरतच असायचं... हा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांना असेल. आमच्याकडे तो दोन वर्षं होता. रविवारी पुण्याला आईशी व्हिडिओवर बोलायला बसलो की पहिली दहा मिनिटं "ऐकू येतंय का? दिसतंय का?" यातच जायची. शेवटी घरात चर्चासत्र झालं आणि नवा कोरा न घेता रिफर्बिश्ड डेस्कटॉप घ्यायचं ठरलं. आम्ही तो दोनदा घेतला, एकदा चुकीचा आणि एकदा बरोबर. दोन्ही वेळी जे शिकलो ते इथे एकत्र लिहून ठेवत आहोत. यातली कायद्याची माहिती ब्रिटनची आहे, बाकीची कुठल्याही देशात उपयोगी पडावी.

आधी जुना खरंच गेला आहे का?

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'डिस्क'च्या रकान्यात सतत १०० टक्क्यांच्या आसपास आकडा दिसत असेल आणि आत जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर बहुतेक वेळा दोष तिचाच असतो. तिच्या जागी एसएसडी बसवली की तेच यंत्र ओळखू येणार नाही इतकं चपळ होतं.

पण इथे एक मेख आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. घरगुती ग्राहकांसाठी सुरक्षेच्या दुरुस्त्यांची वाढीव मुदत जाहीर झाली तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. म्हणजे जुना कॉम्प्युटर विंडोज ११ च्या अटींत बसत नसेल तर त्यावर बँकेचे व्यवहार करणं शहाणपणाचं नाही. केवळ बातम्या वाचायच्या आणि गाणी ऐकायची असतील तर एसएसडी घालून लिनक्स मिंट टाकावं, ते फुकट आहे आणि छान चालतं. आमच्या घरी मात्र विंडोजशिवाय पान हलत नाही!

ही यंत्रं येतात कुठून?

मोठ्या कचेऱ्या, बँका, विद्यापीठं शेकड्यांनी डेस्कटॉप घेतात आणि साधारण तीन ते पाच वर्षांनी सगळे एकदम बदलतात. यंत्र बिघडलेलं नसतं, त्याची मुदत भरलेली असते. ते विकत घेऊन, डिस्क पुसून, धूळ झाडून, खराब भाग बदलून, पुन्हा विंडोज टाकून विकणारे वेगळे व्यापारी असतात. डेलचे ऑप्टिप्लेक्स, एचपीचे प्रोडेस्क आणि एलिटडेस्क, लेनोवोचे थिंकसेंटर ही या बाजारातली नेहमीची नावं. घरगुती वापराच्या स्वस्त नव्या यंत्रापेक्षा यांची बांधणी पुष्कळदा जास्त दणकट असते, हे आमचं स्पष्ट मत.

'रिफर्बिश्ड' या शब्दाला मात्र एकच एक ठरलेलं माप नाही. कुणी आतले भाग तपासून बदलतो, कुणी फक्त फडकं मारतो. म्हणून नेमकं काय केलंय आणि डिस्क नवी आहे की जुनी, हे विचारून घ्यावं. 'ए ग्रेड', 'बी ग्रेड' हे बहुधा बाहेरच्या रूपाबद्दल असतं. टेबलाखाली ठेवायच्या डब्यावर ओरखडा असला तर काय बिघडलं? बी ग्रेड खुशाल घ्या.

आमची फसगत, आणि डॅशनंतरचा आकडा

पहिल्या वेळी जाहिरातीत ठळक अक्षरांत लिहिलं होतं : कोअर आय७, १६ जीबी रॅम, विंडोज ११ साठी योग्य. आय७ म्हणजे आय५ पेक्षा भारी, एवढंच आमचं ज्ञान. यंत्र आलं, चालू झालं, वेगही बरा वाटला. आम्ही खूश. चौथ्या दिवशी फोनवर भाच्याला कौतुकाने सांगितलं तर तो म्हणाला, "मामा, आय७ पुढे डॅश असेल, त्याच्या पुढचा आकडा वाच बघू." आकडा होता ४७७०. पलीकडे जरा वेळ शांतता.

तर मंडळी, गोम अशी आहे. इंटेलच्या या मालिकांमध्ये डॅशनंतरच्या आकड्यात प्रोसेसरची पिढी लपलेली असते. आय७-४७७० म्हणजे चौथी पिढी, २०१३ सालची. आय५-८५०० म्हणजे आठवी, २०१८ ची. आय५-१०५०० म्हणजे दहावी. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने मान्य केलेल्या यादीत थोडे अपवाद सोडले तर आठव्या पिढीपासून पुढचेच प्रोसेसर आहेत. शिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोयही लागते. म्हणजे आमच्या 'भारी' आय७ पेक्षा साधा वाटणारा आठव्या पिढीचा आय५ केव्हाही सरस. एएमडीचा रायझन असेल तर मॉडेलचा पूर्ण आकडा घेऊन मायक्रोसॉफ्टच्या यादीत शोधावा, अंदाज बांधू नये.

मग आमच्या यंत्रावर विंडोज ११ चालत कसं होतं? विक्रेत्याने तपासणी चुकवून ते बसवलं होतं. हे करता येतं, पण अशा यंत्राला पुढची अपडेट्स मिळतीलच असं मायक्रोसॉफ्ट म्हणत नाही. वर्षभराने काही अडलं तर दाद कुणाकडे मागणार?

मॉडेलच्या नावावरूनही पिढी ओळखता येते. ऑप्टिप्लेक्स ३०५०, ५०५०, ७०५० हे सहाव्या-सातव्या पिढीचे, म्हणून नकोत. ३०६०, ५०६०, ७०६० आठव्या पिढीचे, चालतील. एचपीमध्ये नावाच्या शेवटी 'जी३' असेल तर थांबा, 'जी४' किंवा पुढचा असेल तर प्रोसेसर तपासून बघा. लेनोवोत एम७१० आणि एम९१० जुने, एम७२० आणि एम९२० चालणारे. एका आकड्याचा फरक, पण पैसे वाया जायला तेवढा पुरतो. तरीही नक्की प्रोसेसर कोणता हे जाहिरातीत लिहिलेलं नसेल तर विचारा. उत्तर मिळालं नाही तर पुढच्या दुकानात जा.

रॅम १६ जीबी असलेलाच घ्यावा. ८ जीबीवर भागतं, पण २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव बरेच चढले आहेत, तेव्हा 'नंतर वाढवू' हा हिशोब पूर्वीसारखा स्वस्त राहिलेला नाही. डिस्क एसएसडीच हवी, निदान २५६ जीबी.

खोक्यात काय नसतं

कचेरीत तारेने जोडलेलं नेटवर्क असतं, म्हणून यातल्या पुष्कळ यंत्रांत वायफाय नसतोच! आमच्याकडे दुसरं यंत्र आलं तेव्हा हे कळलं आणि राउटर जिन्याखाली, कॉम्प्युटर वरच्या खोलीत. यूएसबीला लावायचा छोटा वायफाय अडॅप्टर आणून काम भागलं. कॅमेरा आणि मायक्रोफोनही वेगळे घ्यावे लागतात. भारतात बोलण्यासाठी कॉम्प्युटर घेत असाल तर हा खर्च आधीच धरा. मागच्या बाजूला पुष्कळदा फक्त डिस्प्लेपोर्ट असतात, एचडीएमआय असेलच असं नाही, तेव्हा तुमच्या मॉनिटरला कोणती केबल लागते ते पाहून ठेवा. पुस्तकाएवढे छोटे डेस्कटॉप मिळतात (डेल त्यांना मायक्रो म्हणते, लेनोवो टायनी), ते टेबलावर सुरेख दिसतात, पण त्यांचा पॉवर अडॅप्टर वेगळा असतो. तो मूळचा आणि सोबत येणार आहे याची खात्री करा.

पैसे कसे द्यावेत, परत कसे मागावेत

पहिलं यंत्र परत करताना विक्रेता म्हणाला, "आमची वॉरंटी फक्त चालू न होण्याबद्दल आहे, आणि टपालखर्च तुमचा." दोन्ही गोष्टी चूक होत्या. कन्झ्युमर राइट्स अॅक्ट २०१५ हा कायदा व्यापाऱ्याने विकलेल्या वापरलेल्या मालालाही लागू होतो. वस्तू वर्णनाप्रमाणे नसेल किंवा सदोष असेल तर ३० दिवसांत ती नाकारून पूर्ण पैसे परत मागता येतात, आणि ती परत पाठवण्याचा रास्त खर्चही व्यापाऱ्याचा. ३० दिवसांनंतर त्याला दुरुस्तीची किंवा बदलून देण्याची एक संधी द्यावी लागते. पहिल्या सहा महिन्यांत निघालेला दोष मुळातच होता असं धरलं जातं, तसं नव्हतं हे सिद्ध करायचं काम व्यापाऱ्याचं.

ऑनलाइन घेतलं असेल तर याशिवाय, माल हाती आल्यापासून १४ दिवसांत कारण न सांगता खरेदी रद्द करता येते, पण त्यात परतीचा टपालखर्च तुमच्यावर पडू शकतो. म्हणून पत्रात 'नको आहे' असं लिहू नका, 'वर्णनाप्रमाणे नाही' असं लिहा. आम्ही जाहिरातीच्या पानाचं चित्र जपून ठेवलं होतं. ते आणि कायद्याचं नाव, एवढं पाठवल्यावर आठवड्यात सगळे पैसे परत आले. घेताना ते पान आधीच जपून ठेवा, नंतर ते नाहीसं होतं.

१०० पौंडांहून महाग वस्तूचे पैसे क्रेडिट कार्डाने थेट विक्रेत्याला दिले असतील तर १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट अॅक्टच्या कलम ७५ खाली कार्ड कंपनीही जबाबदार राहते. ९९ पौंडांच्या यंत्राला हे नाही, १०१ च्याला आहे! कार बूट सेलमध्ये किंवा एखाद्या गृहस्थाकडून घेतलं तर यातलं बहुतेक संरक्षण मिळत नाही. त्याने केलेलं वर्णन खरं असलं पाहिजे, एवढंच.

आल्या आल्या पाहायचं

सेटिंग्जमध्ये 'अॅक्टिव्हेशन' पाहा, विंडोज अधिकृत दिसलं पाहिजे. स्टार्टमध्ये 'टीपीएम डॉट एमएससी' इंग्रजीत टाइप केलं की टीपीएमची आवृत्ती कळते. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन डिस्क किती तास चालली आहे ते सांगतं. आम्ही तर एक ८ जीबीची यूएसबी स्टिक घेऊन, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज उतरवून, सगळं नव्याने बसवलं. दुसऱ्याने बसवलेल्यात काय असेल कुणास ठाऊक. परवाना यंत्राशी बांधलेला असेल तर तो आपोआप ओळखला जातो. हे करताना पहिल्याच पडद्यावर एखाद्या अनोळखी कंपनीचं नाव येऊन तिथला ईमेल मागितला, तर ते यंत्र त्या कंपनीच्या यादीतून काढलेलं नाही असं समजा आणि लगेच परत करा.

अण्णांच्या आठवणी

आता सर्वांत महत्त्वाचं. आमचे अण्णा २००४ साली सहा महिने इथे राहायला आले होते. हिवाळ्यात बाहेर पडवेना, म्हणून कॉम्प्युटरवर मराठी टाइप करायला शिकले आणि साताऱ्याच्या घराच्या, शाळेच्या, भाऊबंदकीच्या आठवणी लिहून काढल्या. जवळजवळ ऐंशी पानं. अण्णा आता नाहीत. ती फाइल प्रत्येक कॉम्प्युटरवरून पुढच्यावर येत राहिली. या वेळी नव्या यंत्रावर उघडली तर ऐंशीच्या ऐंशी पानं इंग्रजी अक्षरांची खिचडी! जुना डबा तोवर गॅरेजमध्ये, शनिवारी टाकून द्यायच्या सामानात गेला होता.

फाइल खराब झाली नव्हती. युनिकोड रुळण्याआधी शिवाजी, किरण, श्री-लिपी अशा फॉन्टांमध्ये आपण लिहायचो. त्यांत इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी आकार बसवलेले असतात. फॉन्ट नसेल तर खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. जुन्या यंत्रातून फॉन्टची फाइल आणली आणि अण्णा पुन्हा दिसले.

तेव्हा जुन्या यंत्राला हात लावण्याआधी 'सी' ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरमधला 'फॉन्ट्स' फोल्डर उघडून सगळे मराठी फॉन्ट उतरवून घ्या. नव्या यंत्रावर फाइलवर उजवं बटण दाबून 'इन्स्टॉल' करायचं, बस्स. जुन्या यंत्रावरच प्रत्येक महत्त्वाच्या लेखाची पीडीएफही करून ठेवा आणि ती दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहा. पीडीएफमध्ये फॉन्ट आत बसलेला असेल तर तो वेगळा लागत नाही. युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं आहेत, पण त्यानंतर वाचून पाहावंच लागतं. पहिली वेलांटी आणि रफार हमखास घसरतात, कारण जुन्या फॉन्टांत त्या दिसतात त्या जागी टाइप केलेल्या असतात, उच्चाराच्या क्रमाने नाही. आम्ही दोघं रोज रात्री पाच पानं तपासतो आहोत.

नव्या लिखाणासाठी वेगळं काही विकत घ्यायची गरज नाही. विंडोजच्या भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडून 'मराठी फोनेटिक' कीबोर्ड निवडला की इंग्रजी अक्षरांनी मराठी उमटतं.

जुन्याची रवानगी

फोटो आणि कागदपत्रं दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरली, उघडून पाहिली, की मगच डिस्क पुसायची. विंडोजच्या 'रीसेट'मध्ये सगळं काढून टाकण्याबरोबर ड्राइव्ह साफ करण्याचा पर्याय असतो, तो निवडा. नुसतं डिलीट केलेलं परत काढता येतं. आम्ही मात्र डिस्क काढून कपाटात ठेवली आणि बाकीचा डबा कौन्सिलच्या रिसायकलिंग केंद्रावर दिला. तो घरच्या कचरापेटीत टाकायचा नसतो. डेस्कटॉपची मोठी, साडेतीन इंची डिस्क पुढे कधी वाचायची झाली तर यूएसबीची साधी केबल पुरत नाही, वेगळी वीज देणारा अडॅप्टर असलेली घ्या. आम्ही ती डिस्कबरोबर त्याच पिशवीत ठेवली आहे आणि पिशवीवर अण्णांचं नाव घातलं आहे.