पारदर्शक माशांचें अंतरंग

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्यानें यवत मागें टाकलें म्हणजे भांडगांव लागतें. गांवाच्या उत्तरेस मुळामुठा भीमेस मिळावयास निघालेली असते. या टापूंतील माशांस शास्त्रांत स्थान मिळालें तें कर्नल साइक्समुळें. पुण्याच्या पूर्वेस याच नदींत सांपडलेला खुद्री व शिरूरच्या घोडनदींतील मुसुल्ला यांचीं मराठी नांवें त्यानें १८३९ सालीं लॅटिन पोशाख चढवून कायम ठेविलीं, याचें आम्हांस कौतुक वाटतें.

परंतु ताटांत शोभणाऱ्या या माशांहून शास्त्रास अधिक उपयोगी पडला तो निळ्या पट्ट्यांचा, बोटाच्या दोन पेऱ्यांएवढा एक क्षुद्र मासा. गंगेच्या खोऱ्यापासून सह्याद्रीच्या ओढ्यांपर्यंत आढळणाऱ्या या माशाची नोंद फ्रान्सिस हॅमिल्टन यांनीं १८२२ सालींच केली होती. पुढें दीड शतक त्याची मजल शोभेच्या कांचपात्रापलीकडे फारशी गेली नाहीं. अमेरिकेंतील ऑरेगन विद्यापीठांत जॉर्ज स्ट्राइसिंगर यांनीं तो आनुवंशाच्या अभ्यासासाठीं निवडला. १९८१ सालीं त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला, तेव्हां त्याचें नशीब उघडलें.

मेंदूविषयींचें आपलें पुष्कळसें ज्ञान मृतांच्या वा जखमी झालेल्यांच्या मेंदूवरून आलेलें आहे. या माशाचें पिल्लू मात्र नितळ असतें. मज्जापेशी कार्यरत होतांच चमकावी अशी योजना तिच्या आनुवंशांतच करितां येते. १९१३ नव्हे, अगदीं अलीकडे, २०१३ सालीं मिशा आरेन्स व फिलिप केलर यांनीं अशा पिल्लाच्या सुमारें एक लक्ष मज्जापेशींपैकीं शेंकडा ऐंशींचा व्यापार, तें जिवंत असतां, दर सव्वा-दीड सेकंदास टिपला. २०१९ सालचा प्रयोग तर विलक्षणच. कितीहि पोहलें तरी पुढें सरकत नाहीं, असा देखावा पिल्लाभोंवतीं उभा केला. धडपडून धडपडून तें स्वस्थ राहिलें. आणि निष्फळ प्रयत्नांची बेरीज करीत होत्या त्या मज्जापेशी नव्हेत, तर केवळ त्यांच्या आधारासाठीं मानल्या गेलेल्या ग्लायापेशी! हताश होणें हा मनुष्याचाच मक्ता आहे, असें आम्ही समजत होतों.

अडचण एवढीच, कीं पिल्लू वाढतें तसें अपारदर्शक होतें, आणि शिकण्याची व सोबत्यांत वावरण्याची खरी समज तर वाढल्यावरच येते. म्हणून संशोधक ब्रह्मदेशांतील डॅनिओनेला माशाकडे वळले. तो प्रौढपणींहि पारदर्शक, लांबीनें अवघा बारा मिलिमीटर, आणि त्याच्या मेंदूवर कवटीचें छप्परच नाहीं. १९८६ सालीं वर्णिलेली ‘ट्रान्सल्यूसिडा’ ही जात समजून प्रयोग चालले होते. २०२१ सालीं ती निराळीच ठरली व तिला ‘सेरेब्रम’, म्हणजे मेंदू, हें नांव मिळालें. साइक्सच्या माशांना लोकांनीं नांवें आधींच दिलेलीं होतीं. येथें प्रयोग आधीं झाले आणि बारसें मागाहून.