तार कुठपर्यंत आली? लोहाऱ्यातून बघितलेला दूरशिक्षणाचा इतिहास

आजचा भाग कॉलेजबद्दल आहे, पण घरी बसून केलेल्या कॉलेजबद्दल. ऑनलाइन क्लास म्हटलं की आपल्याला एकदम २०२० आठवतं. पण शिकवणारा एका गावात आणि शिकणारा दुसऱ्या गावात, हा प्रकार आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीचा. रेडिओ झाला, पोस्ट झालं, टीव्ही झाला, उपग्रहसुद्धा झाला. आज हा सगळा प्रवास आपण एकच प्रश्न हातात धरून बघू: दर वेळी विद्यार्थ्याच्या टोकाला नेमकं काय लागलं, आणि ते पुरवलं कोणी?

मी राहतो लोहाऱ्यात. यवतमाळला अगदी लागून असलेलं गाव. एमआयडीसी आहे, इंजिनिअरिंग कॉलेज आहे, मोबाईलचे टॉवर आहेत. म्हणजे आडरानातलं नाही. म्हणूनच इथून बघायला बरं. इथे जे अडलं, ते झरी-जामणीच्या पोडावर किती अडलं असेल याचा अंदाज येतो.

सुरुवात करू १९५६ पासून. त्या वर्षी आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्रावरून एक प्रयोग केला. पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावं निवडली. प्रत्येक गावात पंधरा-वीस जणांचं मंडळ. आठवड्यातून दोनदा सगळ्यांनी एकत्र बसून शेतीवरचा कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची आणि आलेले प्रश्न केंद्राला कळवायचे. आपलं यवतमाळ तेव्हा मध्य प्रदेशात होतं. द्विभाषिक मुंबई राज्यात आपण आलो त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात. त्यामुळे हा प्रयोग आपल्या वाट्याला आला नाही. आणि तो कॉलेजसाठी नव्हता, शेतकऱ्यांसाठी होता. तरी मी त्याच्यापासून सुरुवात करतोय, कारण त्यात रेडिओइतकंच महत्त्व मंडळाला होतं. संच सगळ्यांचा, बसायला जागा ठरलेली, चर्चा चालवायला एक माणूस नेमलेला, आणि प्रश्न परत पाठवायची सोय. ही चार गोष्टींची यादी लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मग आलं पोस्ट. दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केला, मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये. इथलं तंत्रज्ञान म्हणजे छापलेले पाठ आणि पोस्टमन. हसू नका. पोस्ट ऑफिस गावोगावी होतं, पाकीट आलं की ते तुमचं, रात्री कंदिलातही वाचता यायचं आणि वीज गेली म्हणून अक्षरं पुसली जायची नाहीत. अडचण एकच होती. अडलं तर विचारायचं कोणाला?

१५ ऑगस्ट १९८४ ला टीव्हीची पाळी आली. विद्यापीठ अनुदान आयोगाने इन्सॅट-१बी या उपग्रहाच्या आधारे दूरदर्शनवर ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ सुरू केलं. कार्यक्रम तयार करणारी केंद्रं देशातल्या काही विद्यापीठांत होती, त्यांत पुणेही होतं. कार्यक्रम चांगले असायचे. पण बहुतेक इंग्रजीत, आणि दिवसा. आता बघा, त्या काळात गावात टीव्ही किती घरांत होता? ज्याच्या घरी होता, त्याच्या घरी दुपारी वीज होती का? आणि बी.ए.ला मराठीतून शिकणाऱ्या पोराला ते इंग्रजी झेपत होतं का? अंतराळातून येणारा सिग्नल देशभर पोचला, पण तो घेणाऱ्या टोकाला काय आहे, हे तपासणं मागे राहिलं.

याचं सगळ्यात शहाणं उत्तर महाराष्ट्राने १९८९ मध्ये दिलं, असं मला वाटतं. त्या वर्षी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झालं. पहिले कुलगुरू राम ताकवले. या विद्यापीठाने जिल्ह्याजिल्ह्यांत आधीपासून असलेल्या कॉलेजांमध्ये अभ्यासकेंद्रं उघडली. एकट्याने वाचता येतील अशी मराठी पुस्तकं लिहून घेतली. सुट्टीच्या दिवशी संपर्कसत्रं ठेवली. दहावी-बारावी झाली नसेल, तर पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करून पदवीला बसायची वाट काढली. आपल्या भागासाठी विभागीय केंद्र अमरावतीला आलं. एसटीचे कंडक्टर, पोलीस शिपाई, लग्नामुळे शिक्षण सुटलेल्या बाया, असे किती लोक या वाटेने पदवीधर झाले! तुमच्याही घरात एखादी मावशी किंवा काका असतील. विद्यार्थ्याने आणायचं काय, तर पुस्तक, पेन आणि रविवारचा एसटीचा खर्च. बाकी बाकडी, फळा, शिक्षक हे सगळं केंद्रावर.

पुढे याच विद्यापीठाच्या वाट्याला उपग्रह आला. २० सप्टेंबर २००४ ला श्रीहरिकोट्याहून एज्युसॅट उडाला, १९५० किलोचा, खास शिक्षणासाठी बांधलेला. त्याच्या प्राथमिक प्रयोगात देशातली तीन विद्यापीठं घेतली होती, त्यांतलं एक आपलं मुक्त विद्यापीठ. शिक्षक स्टुडिओत बोलणार, केंद्रावरच्या छत्रीतून तो तास वर्गात दिसणार, आणि काही केंद्रांवरून विद्यार्थी उलट प्रश्नही विचारू शकणार. १९५६ ची यादी आठवा: संच, जागा, माणूस, परतीची वाट. चारही इथे जमत होते. पण एज्युसॅट २०१० च्या सप्टेंबरात निवृत्त झाला. सहा वर्षं. यंत्राचं आयुष्य एवढंच असतं. कॉलेजच्या खोल्या आणि तिथले शिक्षक त्याच्या आधीही होते, नंतरही राहिले.

अजून एक गोष्ट. २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झालं आणि पाठोपाठ एमएस-सीआयटी आलं. तालुक्याच्या गावात, बसस्टँडच्या वरच्या मजल्यावर, मेडिकलच्या बाजूला कॉम्प्युटरची केंद्रं निघाली. अनेकांनी माऊस पहिल्यांदा तिथे धरला. फी भरावी लागायची, हे खरं. पण यंत्र विकत घ्यावं लागत नव्हतं, आणि बटण सापडलं नाही तर दाखवणारं कोणीतरी बाजूला असायचं.

आता येऊ मोबाईलवर. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. त्यामुळे सगळ्यांकडे सगळं आहे, असं वाटायला लागलं. पण राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची २०१७-१८ ची आकडेवारी काय सांगते? देशाच्या ग्रामीण भागात कॉम्प्युटर असलेली घरं ४.४ टक्के, इंटरनेटची सोय असलेली १४.९ टक्के. शहरात हेच आकडे २३.४ आणि ४२. आणि मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. कॉलेजं बंद, वर्ग मोबाईलवर.

इथे जे बदललं ते नीट बघा. रेडिओचं मंडळ, रविवारचं केंद्र, उपग्रहाची छत्री, कॉम्प्युटरचं सेंटर, या सगळ्यांत विद्यार्थ्याचं टोक सामायिक होतं. २०२० मध्ये ते पहिल्यांदा एवढ्या मोठ्या प्रमाणावर घराच्या खिशावर आलं.

हिशेबच करू. सेकंदाला १ मेगाबिट वेगाने व्हिडिओ चालला, तर तासाला साधारण ४५० एमबी जातात. चार तास झाले की १.८ जीबी. रोज दीड जीबीचं रिचार्ज असेल, तर चौथ्या तासाच्या मध्येच सर गोठतात. तेच नुसता आवाज ४० किलोबिटने पाठवला, तर तासाला फक्त १८ एमबी. म्हणजे आवाज आणि फळ्याचे चार फोटो पाठवूनही तास झाला असता. पण बहुतेक ठिकाणी वर्ग जसा होता तसाच कॅमेऱ्यासमोर उभा केला गेला.

आमच्या गल्लीतली एक मुलगी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती, भाऊ अकरावीला. फोन एकच, आणि टाळेबंदी सैल झाल्यावर तोही वडिलांसोबत कामावर जायचा. घरी असला तरी रेंजसाठी स्लॅबवर जावं लागे. तिची आई मला म्हणाली, “भाऊ, फोन एक अन् शिकणारे दोन. कोणाला बसवू, कोणाला उठवू?” बहुतेक वेळा उठली ती मुलगीच. तिने मैत्रिणीच्या वहीचे फोटो मागवून वर्ष काढलं. परीक्षा मात्र सगळ्यांना सारखीच. अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्याव्याच लागतील, हे सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं, आणि राज्यात अनेक विद्यापीठांनी त्या ऑनलाइन घेतल्या.

कोणी म्हणेल, झालं ते झालं, आता कॉलेजं सुरू आहेत. पण विषय संपलेला नाही, मंडळी. २०१७ पासून स्वयम् हे सरकारी व्यासपीठ आहे, आणि २०२१ च्या नियमांनी त्यावरून एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय घ्यायची मुभा दिली. म्हणजे ऑनलाइन शिक्षण आता पदवीच्या आत आलंय. मग विद्यार्थ्याला काय लागतं? व्हिडिओ बघायला फोन चालतो. पण प्रकल्प लिहायला, प्रोग्रॅम चालवायला, ड्रॉइंग काढायला कीबोर्ड आणि मोठा पडदा लागतो. वीज गेली तरी चालणारी बॅटरी लागते. कानाला हेडफोन लागतो. दोन तास कोणी उठवणार नाही अशी खुर्ची लागते. मुलींना तर ती सगळ्यात आधी लागते. आणि अडलं की विचारायला माणूस लागतो.

ही यादी एकेका घराला परवडणारी नाही. गावाला मात्र परवडते. लोहाऱ्यासारख्या ठिकाणी शाळेची एक खोली, पाच जुने पण दुरुस्त केलेले कॉम्प्युटर, एक इन्व्हर्टर, एक जोडणी आणि संध्याकाळी पाच ते नऊ बसणारा एखादा शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी, एवढ्यावर काम सुरू होऊ शकतं. इंजिनिअरिंग कॉलेज हाकेच्या अंतरावर असताना असा विद्यार्थी सापडणं अवघड नाही. यात नवीन काहीच नाही. १९५६ च्या मंडळाला आणि रविवारच्या अभ्यासकेंद्राला हे माहीत होतं.

तुमच्या गावात अशी खोली असेल, तर ती कोण उघडतं आणि वीजबिल कोण भरतं, हे आम्हाला नक्की कळवा. त्यावर एक वेगळा भाग करू. तोवर राम राम.