धर्म तोच, पाळणे कमी

देवधर्म मानणारा समाज म्हणजे पोरांचं लेंढार आणि मागासलेपण, हे गणित आपल्याकडे फार सहज मांडलं जातं. उभं आयुष्य इतिहास शिकवण्यात गेल्यामुळे असल्या सोप्या गणितांवर माझा काही विश्वास बसत नाही. इराणचंच बघा ना.

१९७९ साली तिथे शहाची राजवट गेली आणि धर्मगुरूंचं राज्य आलं. शहाच्या काळातली कुटुंबनियोजनाची मोहीम मागे पडली. मुलींच्या लग्नाचं कायदेशीर वय नऊ वर्षांवर आणलं गेलं. (नऊ! आपल्याकडे या वयाची पोर चौथीत असते.) त्यात इराकशी युद्ध. १९८६च्या जनगणनेत लोकसंख्या पाच कोटींच्या घरात गेली; त्या दशकाच्या सुरुवातीला दर बाईमागे सहाच्या वर मुलं होती.

१९८८ साली युद्ध थांबलं. तिजोरी खडखडाट, आणि एवढ्या पोरांना शाळा, धान्य, नोकऱ्या द्यायच्या कुठून? मग १९८९ साली त्याच धर्मसत्तेने कुटुंबनियोजन पुन्हा सुरू केलं. संततिनियमन धर्माला मंजूर आहे, असं धर्मगुरूच सांगू लागले. लग्नाआधी जोडप्याने वर्गाला बसणं सक्तीचं झालं. खेडोपाडी आरोग्यघरं, त्यात गावातलीच प्रशिक्षण दिलेली माणसं आणि साधनं फुकट. २०००च्या सुमारास सहाचे दोन झाले होते.

पण मला त्याहून मोठी वाटते ती शाळेची गोष्ट. क्रांतीनंतर मुलामुलींच्या शाळा पूर्ण वेगळ्या झाल्या, हिजाब सक्तीचा झाला. आणि लेकीला उंबरठा ओलांडू न देणारे कर्मठ बापही तिला शाळेत धाडू लागले. ती सक्ती मला मुळीच मान्य नाही, २०२२ साली तिथल्या बायका तिच्याविरुद्ध रस्त्यावर उतरल्या त्या उगीच नव्हे. पण याच शाळांतून शिकलेल्या मुली पुढे आया झाल्या आणि दोनावर थांबल्या.

आता पुढची गंमत. २०१२ साली सर्वोच्च नेते अली खामेनी यांनी हे धोरण चुकलं म्हणून अधिक मुलांचा आग्रह धरला. २०२१ साली तसा कायदाही झाला, फुकट साधनं बंद झाली. तरी जन्मदर दोनाच्या खालीच राहिला.

आपल्याकडचंही सांगतो. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत केरळमधल्या मुसलमान बाईमागे जितकी मुलं दिसतात, त्याहून जास्त बिहारमधल्या हिंदू बाईमागे दिसतात. हे आकडे काढले की आमच्या कट्ट्यावर कुणीतरी हटकून हवापाण्याचा विषय काढतं.