मोटारीचा मागील आंस

वळणावर मोटारीच्या बाहेरील चाकास आंतल्यापेक्षां अधिक अंतर कापावें लागतें. दोन्ही एकाच आंसावर घट्ट बसविलीं, तर एक फरफटणारच. हा तंटा मिटविणारी दंतचक्रांची योजना, म्हणजे डिफरेन्शियल, पेकर या फ्रेंच घड्याळजीनें १८२७ सालीं वाफेच्या गाडीकरितां केली. फोर्डच्या टी मॉडेलांत (१९०८-१९२७) ती आहेच. पण आज तो आंस सोडविणारा जाणता कारागीर दंतचक्रांआधीं पाहतो त्या चक्रांना दोहों बाजूंनीं जागेवर धरणाऱ्या बॅबिट धातूच्या दोन क्षुद्र चकत्या. जुनेपणानें त्यांचा भुगा झाला कीं मोठें चक्र लहान चक्रापासून सरकतें. आणि पायाचा ब्रेक पुढें गिअरपेटींत असल्यानें चाकांशीं त्याचा संबंधच तुटतो! उतारावर याचा अर्थ काय, तें सांगावयास नको. म्हणून फिरून जोडणी करतांना तेथें कांशाच्या चकत्या घालतात.