चिंतेवरचा आळ आणि परळचे पुरावे

जालना जिल्ह्यात एखाद्या बाईच्या स्तनातली गाठ कर्करोगाची निघाली की कारणाचा शोध लगेच सुरू होतो आणि बहुधा तिच्या मनापाशी येऊन थांबतो. लेकीचे सासर धड निघाले नाही ते तिने जिवाला लावून घेतले, 2012-13 च्या दुष्काळात मोसंबीची बाग वाळली तेव्हापासून तिला घोर लागला होता, असे बोलले जाते. बोलणाऱ्याच्या मनात माया असते, पण ऐकणारीच्या पदरात दोष पडतो. हा समज मराठवाड्यापुरता नाही आणि आजचाही नाही. दुसऱ्या शतकात रोमन साम्राज्यातला वैद्य गॅलेन याने उदास प्रकृतीच्या स्त्रियांना स्तनाचा कर्करोग अधिक होतो असे मानले. उदासी आणि गाठ या दोन्हींचे मूळ त्याला शरीरातल्या काळ्या पित्तात दिसत होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या कर्करोग रुग्णालयातील हर्बर्ट स्नो यांनी आपल्या रुग्णांना विचारले, तेव्हा बहुतेकींनी आजारापूर्वीचे एखादे मोठे दुःख सांगितले. पण आजारी माणसाला मागे वळून दुःख शोधायला सांगितले, तर ते कोणाला सापडणार नाही? माझे म्हणणे असे आहे की या समजुतीत एक खरी गोष्ट चुकीच्या जागी ठेवली गेली आहे. ताणाच्या संप्रेरकांचा कर्करोगाशी संबंध आहे. मात्र तो रोग उपजण्यापाशी सापडत नाही. उपजलेल्या रोगाच्या वाढीपाशी आणि उपचाराच्या दिवसांपाशी सापडतो. आणि हे समजण्याच्या इतिहासात मुंबईतल्या परळच्या कर्करोग संस्थांचा वाटा मोठा आहे.

आधी उपजण्याचा प्रश्न घेऊ. 1987 साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. डॉ. भगवान नेने आणि डॉ. कस्तुरी जयंत यांच्या पुढाकाराने बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील गावोगाव माणसे पाठवून रुग्ण शोधले गेले. रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट पाहिली गेली नाही. हा सगळा टापू जालन्यासारखाच कोरडवाहू, कर्जाचा आणि दुष्काळाचा. घोर लागल्याने स्तनाचा कर्करोग होत असता, तर इथे त्याचे पीक उदंड यायला हवे होते. प्रत्यक्षात तिथला दर मुंबईच्या दराच्या निम्म्याहूनही कमी निघाला. फरकाची कारणे लवकर झालेली बाळंतपणे, अधिक मुले, दीर्घकाळ अंगावर पाजणे आणि कमी वजन यांत सापडतात. तिथल्या बायकांमध्ये त्या काळी सर्वांत जास्त आढळला तो गर्भाशयमुखाचा कर्करोग, आणि त्याच्या मुळाशी एचपीव्ही हा विषाणू आहे. ग्रामीण भागात निदानच कमी होते म्हणून आकडा खाली दिसतो, हा आक्षेप रास्त आहे. पण निदानातली उणीव सगळ्याच कर्करोगांना लागू झाली असती. एक वर आणि दुसरा इतका खाली, हे तिने उलगडत नाही. शहरालाही ताण असतोच, हेही कबूल. म्हणून युरोपातला मोठा अभ्यास जोडून पाहावा. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत 1 लाख 16 हजार नोकरदार होते आणि कामाच्या ताणाचा स्तन, फुप्फुस, मोठे आतडे किंवा प्रोस्टेट यांच्या कर्करोगाशी संबंध आढळला नाही.

इथे जाणकार वाचक उंदरांचा दाखला देईल, आणि तो टाळण्यासारखा नाही. 1975 साली अमेरिकेत व्हर्नन रायली यांनी गोंगाटाच्या, वर्दळीच्या खोलीत ठेवलेल्या आणि शांत कपाटात जपलेल्या उंदरिणींची तुलना केली. सुमारे चारशे दिवसांनी पहिल्या गटात 90 टक्क्यांच्या आसपास उंदरिणींना स्तनाच्या गाठी आल्या होत्या, दुसऱ्या गटात 10 टक्क्यांहूनही कमी. आकडे हादरवणारे आहेत. पण त्या उंदरिणी कोणत्या होत्या? त्या वाणाच्या पिलांना आईच्या दुधातून गाठीचा विषाणू मिळतो आणि रोगाची प्रवृत्ती आनुवंशिकतेने मिळते. ही गुंतागुंत परळला आधीपासून ठाऊक होती. पुण्यात 1917 साली जन्मलेल्या कमल रणदिवे यांनी वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली उंदरांच्या चार वाणांतील स्तनग्रंथींचा तौलनिक अभ्यास करून 1949 साली मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. पुढे अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत पेशीसंवर्धन शिकून त्या परतल्या, आणि 1952 साली परळला सुरू झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ते तंत्र रुजवले. आनुवंशिकता, विषाणू आणि संप्रेरक या तिघांची सांगड असल्याशिवाय गाठ समजत नाही, हा त्यांच्या कामाचा गाभा. त्या नजरेने पाहिले की रायलींचा प्रयोग वेगळा दिसतो. ताणाने तिथे रोग निर्माण केला नाही. रक्तात विषाणू घेऊन आलेल्या प्राण्याचा प्रतिकार ढिला केला.

संप्रेरकांचा गाठीवर परिणाम होतो हे मात्र या प्रयोगांच्या आधीच सिद्ध झाले होते. 1896 साली ग्लासगोत जॉर्ज बीटसन यांनी स्तनाचा कर्करोग पसरलेल्या स्त्रियांची बीजांडे काढली आणि काहींच्या गाठी विरल्या. अमेरिकेत चार्ल्स हगिन्स यांनी 1941 साली प्रोस्टेटच्या कर्करोगात तसेच दाखवले, आणि पुढच्या दशकात तर मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीही काढून पाहिल्या. कॉर्टिसोल आणि अ‍ॅड्रिनलीन ही ताणाची संप्रेरके याच ग्रंथींतून येतात. पण संप्रेरक रक्तात असणे पुरेसे नसते. पेशीवर किंवा पेशीच्या आत ते पकडणारा रिसेप्टर असावा लागतो. आज जालन्यातली रुग्णसुद्धा हातात ‘ईआर-पीआर’चा, म्हणजे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन यांच्या रिसेप्टरचा, रिपोर्ट घेऊन येते, तो याच ज्ञानाचा कागद. अ‍ॅड्रिनलीनचे रिसेप्टर अल्फा आणि बीटा अशा दोन जातींचे असतात, हे रेमंड अल्क्विस्ट यांनी 1948 साली मांडले. त्यावरून जेम्स ब्लॅक यांनी बीटा रिसेप्टर बंद करणारे प्रोप्रॅनोलॉल तयार केले. छातीची धडधड आणि अर्धशिशीसाठी ते आजही लिहून दिले जाते. 2006 साली टेक्ससमधील अनिल सूद यांच्या गटाने बीजांडाचा कर्करोग असलेल्या उंदरिणींना रोज काही तास जखडून ठेवले. गाठी वाढल्या, त्यांना रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या दाटल्या, आणि प्रोप्रॅनोलॉल दिल्यावर हा परिणाम थांबला. 2010 साली एरिका स्लोन आणि स्टीव्हन कोल यांनी स्तनाच्या कर्करोगात पाहिले, तेव्हा मूळ गाठ फारशी वाढली नाही, पण दूरच्या अवयवांतला प्रसार तीसपट झाला. हा तपशील मला सर्वांत मोलाचा वाटतो. 1889 साली लंडनच्या स्टीफन पॅजेट यांनी कर्करोगाच्या प्रसाराला बी आणि जमीन यांची उपमा दिली होती. 1964 साली बद्रिनारायण बारवाले यांनी महिको सुरू केल्यापासून बियाण्यांच्या व्यापारावर उभ्या असलेल्या जालन्याला ती समजावून सांगावी लागणार नाही. ताणाची संप्रेरके बी बनवत नाहीत, जमीन भुसभुशीत करतात.

कॉर्टिसोलची कहाणी अधिक अवघड आहे, कारण त्याच्यासारखीच औषधे आपण स्वतः रुग्णाला टोचतो. ल्युकेमियातल्या लिम्फ पेशी प्रेडनिसोलोन आणि डेक्सामेथासोनने मरतात. लहान मुलांचा रक्ताचा कर्करोग आज बरा होतो, त्यात या औषधांचा हात आहे. स्तन किंवा बीजांडाच्या घट्ट गाठींत चित्र पालटते. 2019 साली बाझेलच्या संशोधकांनी उंदरांत दाखवले की रोग पसरत जातो तशी ताणाची संप्रेरके वाढतात, दूरच्या गाठींतले, कॉर्टिसोल पकडणारे ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर जागे होतात, आणि डेक्सामेथासोनच्या सोबतीने पॅक्लिटॅक्सेल या केमोथेरपीच्या औषधाचा प्रभाव उतरतो. प्रोस्टेटच्या काही गाठींत पुरुष-संप्रेरकाचा रिसेप्टर औषधाने बंद केला की ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर त्याच्या जागी काम करू लागतो, हे 2013 साली उघड झाले होतेच. 2025 साली हा रिसेप्टर अडवणाऱ्या रेलाकोरिलँट या औषधाने, नेहमीचे उपचार निष्फळ ठरलेल्या बीजांडाच्या कर्करोगात स्त्रियांचे आयुष्य काही महिन्यांनी वाढल्याचे प्रसिद्ध झाले. म्हणजे रिसेप्टर तोच. एका पेशीत तो मृत्यू आणतो, दुसरीत तिला तगवतो. यावरून कोणी केमोथेरपीसोबतचे डेक्सामेथासोन आपल्या मनाने बंद करू नये. ते उलट्या आणि जीवघेणी अ‍ॅलर्जी रोखते, आणि माणसांत त्याने नुकसान होते असे ठरलेले नाही.

आता परत परळला. 1941 साली सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. राजेंद्र बडवे यांनी एक साधा प्रश्न लावून धरला: शस्त्रक्रियेच्या दिवशी रुग्णाच्या शरीरात काय चाललेले असते? शरीराला शस्त्रक्रियेइतका मोठा आणि आधी ठाऊक असलेला ताण दुसरा नाही. त्यांनी एक हजार स्त्रियांवर चाचणी घेतली. निम्म्या स्त्रियांना शस्त्रक्रियेपूर्वी 5 ते 14 दिवस प्रोजेस्टेरॉनचे एक इंजेक्शन दिले. 2011 साली निकाल आला. सगळ्या मिळून फरक पडला नव्हता. मात्र काखेतल्या गाठींपर्यंत रोग पोचलेल्यांत पाच वर्षांनी रोगमुक्त असलेल्यांचे प्रमाण सुमारे 65 टक्के होते, इंजेक्शन न घेतलेल्यांत 55. पुढे टाटा स्मारक केंद्राच्या खारघरच्या प्रयोगशाळेत अमित दत्त यांच्या गटाने दाखवले की प्रोजेस्टेरॉन कर्कपेशींत एसजीके-1 हे प्रथिन वाढवते आणि पेशींची हालचाल मंदावते. कॉर्टिसोलनेही वाढते ते हेच प्रथिन. दुसरी चाचणी 2023 साली प्रसिद्ध झाली. देशातल्या अकरा केंद्रांत जवळपास 1600 स्त्रियांपैकी निम्म्यांना, गाठ काढण्याच्या 7 ते 10 मिनिटे आधी, गाठीभोवती लिडोकेनचे म्हणजे नेहमीच्या भुलीचे इंजेक्शन दिले. पाच वर्षांनी त्या गटातल्या 90.1 टक्के स्त्रिया हयात होत्या, दुसऱ्यातल्या 86.4 टक्के. हा थेट ताणाच्या संप्रेरकाचा प्रयोग नव्हता, पण शस्त्रक्रियेच्या घटकेला गाठीला मिळणारे संदेश रोखण्याचा होता.

या निकालांवर टीका झाली आणि ती व्हायला हवी. प्रोजेस्टेरॉनचा लाभ एका उपगटातला आहे, तो पुन्हा तपासल्याशिवाय पक्का धरता येत नाही. लिडोकेनच्या चाचणीत दुसऱ्या गटाला खोटे इंजेक्शन दिलेले नव्हते. प्रोप्रॅनोलॉलच्या माणसांवरील चाचण्या तर काही डझन रुग्णांच्या आहेत. त्यांत गाठीतल्या खुणा बदलल्या, आयुष्य वाढल्याचे दिसलेले नाही. तरीही तीन वेगळ्या दिशांचे पुरावे एकाच ठिकाणी बोट ठेवतात: बाईच्या आयुष्यभराच्या दुःखावर नव्हे, उपचाराच्या थोड्या दिवसांवर. मग मनाला काहीच महत्त्व नाही का, असे विचारले जाईल. आहे, फार आहे. झोप, वेदना, उपचार पुरे करण्याचे बळ या सगळ्यांसाठी धीर आणि समुपदेशन लागतेच. पण धीर देणे वेगळे आणि रोगाचे खापर फोडणे वेगळे. खापर फुटले की बाई गाठ लपवते. दुखत नाही म्हणून, सुगी आहे म्हणून, लोक काय म्हणतील म्हणून महिने जातात. आणि त्या महिन्यांचे नुकसान कोणत्याही संप्रेरकापेक्षा मोठे असते.

विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाडहून आलेली रेल्वे जालन्याला मुंबईशी जोडत होती. परळचे रुग्णालय उघडल्यावर कित्येक दशके इथल्या रुग्णाला पुऱ्या उपचारासाठी रात्रभराचा तोच प्रवास करावा लागे. 2012 पासून छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, जालन्याहून सुमारे साठ किलोमीटरवर. घरातल्या बाईने गाठ दाखवली तर तिने काय मनाला लावून घेतले हे विचारू नका. त्याच आठवड्यात तिला तिथे घेऊन जा, आणि शस्त्रक्रिया ठरली तर लिडोकेनच्या इंजेक्शनबद्दल सर्जनला जरूर विचारा.