पेठेचा पठ्ठा

कोल्हापुराहून कागल-निढोरीच्या वाटेने पन्नासेक किलोमीटर दक्षिणेस गेले म्हणजे वेदगंगेच्या काठी मुरगूड लागते. आणि ज्या गावाच्या तलावास कागलच्या सर पिराजीराव घाटग्यांचे नाव आहे, त्या गावाचा जुना संबंध कोणत्या जहागिरीशी होता हे सांगण्यासाठी निराळे दफ्तर उलगडावे लागत नाही. याच घाटगे घराण्यातील पिराजीरावांचे वडील बंधू 17 मार्च 1884 रोजी कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू छत्रपती झाले. आणि त्या राजाच्या मल्लविद्येवरील अपार प्रेमामुळे करवीर मुलखातील लहानमोठ्या गावांच्या आखाड्यांना जी प्रतिष्ठा लाभली, ती मुरगूडच्या मातीत अद्याप टिकून आहे. तेथील कुस्ती केंद्रात तयार झालेल्या मुलीही आता राष्ट्रीय स्पर्धांत उतरतात. फुटबॉलविषयी लिहू म्हणून बसलेल्या लेखकाने कुस्तीच्या गावापासून आरंभ करावा हे कोणास चमत्कारिक वाटेल. परंतु कोल्हापूरचा फुटबॉलपटू कसा घडत आला हे ज्यास जाणून घ्यावयाचे असेल, त्याने प्रथम तांबड्या मातीकडे पाहावे आणि मगच हिरवळीकडे वळावे, असे माझे दृढ मत आहे.

'तालीम' हा शब्द मूळचा अरबी, फारसीच्या द्वारे आपल्या बोलीत रुळलेला, आणि त्याचा धात्वर्थ शिक्षण हाच आहे. व्यायामाची जागा हा अर्थ त्यास मागाहून चिकटला. उलट, ज्या 'अकादमी' शब्दाचा आज प्रत्येक क्रीडासंस्थेस मोह पडला आहे, तो अथेन्स नगराच्या वेशीबाहेरील एका उपवनाच्या नावावरून आलेला असून, प्लेटोने तेथे तत्त्वचिंतन आरंभिले त्याच्या आधीपासूनच त्या स्थळी तरुणांची व्यायामशाळा नांदत होती. एक शब्द विद्येकडून आखाड्याकडे आला, दुसरा आखाड्याकडून विद्येकडे गेला. आणि शरीर घडविणे व माणूस घडविणे ही दोन कामे आपल्या पूर्वजांस भिन्न वाटत नव्हती, याची साक्ष दोन्ही शब्द सारखीच देतात.

तालमीतल्या शिक्षणाचा क्रम आठवून पाहावा. पहाटेच्या अंधारात पठ्ठ्याने उठावे, मारुतीपुढे मस्तक नमवावे, तेल, ताक, हळद व लिंबाचा रस मुरवलेली हौदातील माती फावड्याने उकरून मऊ करावी, आणि जोर-बैठकांचा ठरलेला आकडा पुरा झाल्याखेरीज लढतीचे नाव काढू नये. मग वस्तादाने जोड लावून द्यावी, थोराने लहानास खांद्यावर घेऊन डाव समजावावा, आणि सूर्य वर आल्यावर अंगास माती चोळून, दूध किंवा बदामाची थंडाई पिऊन प्रत्येकाने आपल्या उद्योगास लागावे. येथे फी नव्हती, दाखला नव्हता, पदवीही नव्हती. होती ती हजेरी, आणि वस्तादाची नजर. दहा-बारा वर्षांच्या पोराच्या खांद्याची ठेवण पाहून हा पुढे कोणत्या वजनाचा गडी होईल हे ओळखणारी ती नजर, मापन आणि निवड यांची आजची शास्त्रे उदयास येण्यापूर्वी कित्येक पिढ्या हेच काम करीत होती. आणि होतकरू पोराच्या खुराकाचा भार घरास झेपत नसेल, तर तो गावाने किंवा दरबाराने उचलावा अशीच तेव्हाची रीत होती. 1902 साली विलायतेच्या प्रवासात शाहू महाराजांनी रोमचे प्राचीन क्रीडागार पाहिले, आणि त्या धर्तीवर 1912 पर्यंत कोल्हापुरात खासबागेचे भव्य मैदान सिद्ध करविले. तेव्हा खेड्यातील हौदात घुसळलेल्या पोराची सर्वांत मोठी परीक्षा कोठे व्हावयाची, हेही निश्चित झाले.

फुटबॉल हा विलायती खेळ संस्थानी काळातच कोल्हापुरात आला, आणि या नगरीचे वैशिष्ट्य असे, की त्याने येथे क्लबांच्या दिवाणखान्यात बिऱ्हाड न करता पेठांच्या तालमींत केले. मुंबईत रोव्हर्स चषकाची स्पर्धा 1891 साली सुरू झाली ती गोऱ्या पलटणींसाठी. कलकत्त्यास 29 जुलै 1911 रोजी मोहन बागानच्या अकरा गड्यांनी, ज्यांपैकी एक सोडून बाकी सारे अनवाणी होते, ईस्ट यॉर्कशायर पलटणीस 2-1 असे नमविले, तेव्हा त्या विजयास राष्ट्रीय अस्मितेचे स्वरूप आले. कोल्हापुरात मात्र या खेळाने पलटण किंवा राष्ट्र यांच्याऐवजी पेठ हे आपले दैवत मानले. 1940 साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची स्थापना झाली, सामन्यांना शिस्त आली, संघांची व खेळाडूंची नोंद होऊ लागली; तरी पाटाकडील तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम ही संघांची नावे वाचली म्हणजे ज्या आखाड्यांच्या पोटी हा खेळ वाढला त्यांचे ऋण नोंदवहीतच कायम झाले आहे असे वाटते. त्यांच्याच जोडीस प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ असे इतर मातबर संघ आले. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकास गडहिंग्लजनेही फुटबॉलची स्वतंत्र परंपरा चालविली, आणि तेथील शाळेच्या मैदानावरची चुरस कोल्हापूरकरांनाही मान्य करावी लागते.

या व्यवस्थेत होतकरू पोराचा उत्कर्ष कसा होत असे? प्रथम बोळात चेंडू, मग तालमीच्या मोठ्या गड्यांच्या सरावात बाहेर गेलेला चेंडू आणून देण्याचे काम, मग एखादा जायबंदी झाल्यावर अवचित मिळालेली दहा मिनिटे, आणि त्या दहा मिनिटांत पायात काही दिसले तर पुढल्या हंगामात अंगावर पेठेची जर्सी. त्या जर्सीचे मोल मी कमी लेखणार नाही. शाहू स्टेडियमवर हलगी कडाडत असताना, आपल्या आळीतील म्हातारी माणसेसुद्धा कठड्याशी उभी आहेत हे जाणून जो सतरा वर्षांचा पोर पेनल्टी मारावयास पुढे होतो, त्याच्या मनाची जी तयारी होते ती कोणत्याही वर्गात होत नाही. परंतु दोषही सांगितले पाहिजेत. पेठांची ईर्ष्या कित्येकदा खुन्नशीपर्यंत गेली, सामने थांबवावे लागले. जिंकण्याच्या घाईत बाहेरचे, पुढे तर आफ्रिकेतलेही खेळाडू हंगामापुरते आणले गेले, आणि घरच्या पोराच्या वाट्याची दहा मिनिटे आणखी आखूड झाली. बारा-तेरा या वयात पायाला जे वळण लागावयाचे ते लावणारा फुटबॉलचा वस्ताद तालमीत क्वचितच होता. कुस्तीत जी विद्या गुरुमुखातून येत असे, ती फुटबॉलमध्ये पाहून पाहूनच उचलावी लागे. म्हणूनच इतक्या वेड्या नगरीतून देशाच्या संघापर्यंत पोहोचणारे पाय इतके थोडे निघाले, असे मला वाटते.

1952 सालच्या हेलसिंकी ऑलिंपिकचे उदाहरण येथे आठवते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकलेल्या, गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी तेथे कांस्यपदक मिळविले, आणि त्याच स्पर्धेत बहुतांशी अनवाणी खेळणारा आपला फुटबॉल संघ युगोस्लाव्हियाकडून 10-1 असा पराभूत झाला. एका विद्येमागे वस्ताद, खुराक आणि वर्गणी काढणारा समाज उभा होता. दुसरीमागे केवळ हौस होती.

ती उणीव भरून काढण्याचे प्रयत्न फार उशिरा झाले. जमशेदपुरास टाटांची फुटबॉल अकादमी 1987 साली निघाली. महाराष्ट्रात शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीने खेडोपाडीची मुले निवडून त्यांच्या निवासाची, शाळेची व सरावाची एकत्र सोय केली. आणि 2007 साली स्थापन झालेल्या पुणे एफसीने पुढे आपली अकादमी उभारली. कोल्हापुरात 2000 साली जन्मलेला अनिकेत जाधव हा याच मार्गाचा प्रवासी. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून तो पुणे एफसीच्या अकादमीत गेला, तेथून राष्ट्रीय कुमार संघात, आणि ऑक्टोबर 2017 मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात भरला तेव्हा दिल्लीच्या मैदानावर तो देशाच्या पोशाखात उतरला. भारताने अमेरिका, कोलंबिया व घाना यांच्याविरुद्धचे तिन्ही सामने गमावले. पण कोल्हापूरच्या पेठांनी त्या पराभवांचा शोक न करता आपला पोर विश्वचषकात खेळला याचाच आनंद मानला, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. त्याच वर्षी नोव्हेंबरात इंडियन ॲरोज या कुमारांच्या संघाने चेन्नई सिटीचा 3-0 असा पराभव केला, तेव्हा तीनपैकी दोन गोल अनिकेतचे होते.

बार्सिलोनाने 1979 साली परगावच्या मुलांसाठी जे वसतिगृह उघडले, ते 'ला मासिया' नावाचे अठराव्या शतकातील एक जुने शेतघर होते. मुले एका छपराखाली राहावीत, एका पंक्तीस जेवावीत, एका पद्धतीने चेंडू खेळवावा, एवढाच त्यातला मूळ विचार. आणि तो वाचताना आमच्या आखाड्यात वाढलेल्या कोणाही माणसास ओळख पटल्याखेरीज राहणार नाही. फरक आहे तो मालकीचा. पठ्ठा पेठेचा असे, आणि पेठ हलत नसे. अकादमीतला खेळाडू करारनाम्याचा असतो, आणि क्लब हलतात. 2015 साली पुणे एफसी बंद पडले आणि त्याची अकादमी एफसी पुणे सिटीकडे गेली. 2019 साली तोही संघ मोडला आणि त्याची स्पर्धेतील जागा हैदराबादने घेतली. आणि मध्यंतरी जमशेदपुरास खेळून आलेला अनिकेत 2021 साली त्याच हैदराबादच्या संघात दाखल झाला, आणि 2022 च्या मार्चमध्ये गोव्यात त्या संघाने इंडियन सुपर लीगचे विजेतेपद मिळविले. ज्या पुण्यात तो घडला, त्या पुण्यात तेव्हा त्या स्पर्धेत खेळणारा एकही संघ उरला नव्हता.

मुरगूडच्या एखाद्या पोरास आज फुटबॉलचाच ध्यास लागला तर त्याने काय करावे, हा प्रश्न मला अनेक दिवस छळतो. कुस्तीसाठी त्याला वेशीबाहेर जावे लागत नाही. हौद आहे, वस्ताद आहे, आणि पुढची वाट गावातल्याच थोरांनी चालून ठेवलेली आहे. फुटबॉलसाठी मात्र पहाटेच्या एसटीने कोल्हापूर गाठावे, किंवा तेराव्या वर्षी घर सोडून पुण्याच्या वसतिगृहात जावे, याखेरीज तिसरी सोय नाही. पेठ त्याची नाही, त्यामुळे पेठेची जर्सी त्याच्या अंगावर उशिराच चढते. आणि प्रबोधिनीच्या निवडचाचणीचा दिवस कधी कधी गावात कळतो तोच ती होऊन गेल्यावर.