शहराची पंगत

कुरखेड्याकडील माणूस मुंबईस निघाला म्हणजे वडशाच्या स्टेशनापर्यंत आणि पुढें नागपुरापर्यंतहि त्याला घरची शिदोरी पुरते. तो परत आला कीं मुंबईचें वर्णन समुद्रापासून सुरू होतें. पण थोड्याच वेळांत तें खाण्यावर येऊन ठेपतें. इराण्याचा ब्रुन-मस्का, माटुंग्याचा डोसा, दादरचें थालीपीठ! एका दिवसांत तीन ठिकाणचें अन्न चाखल्याचा त्याचा आनंद खरा असतो. त्यांत चैनीचा दोष काढण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं. मात्र हा आनंद सर्वांना हक्कानें मिळूं लागला त्याला अद्याप शंभर वर्षेंहि झालेलीं नाहींत, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे.

आपल्याकडे भोजन ही जातीची बाब होती. कोणाच्या हातचें खावें आणि कोणाच्या पंक्तीस बसावें, हें भूक ठरवीत नसे. १८९० सालीं पुण्यास गोपाळराव जोशी यांनीं कांहीं प्रतिष्ठित मंडळींस पंचहौद मिशनमध्यें बोलाविलें. तेथें चहा-बिस्किटें पुढें आलीं, आणि मागाहून मंडळींचीं नांवें छापून आलीं. त्यांत न्यायमूर्ति रानडे आणि लोकमान्य टिळक हेहि होते. एका पेल्यावरून ग्रामण्य माजलें आणि प्रायश्चित्ताचा वाद कित्येक दिवस चालला. विद्वानांची ही गत, तर सामान्य प्रवाशाची काय सांगावी?

ही गांठ प्रथम सैल केली ती उपदेशकांनीं नव्हे, पोटापाण्याच्या गरजेनें. गिरण्यांत आणि कचेऱ्यांत राबणारे हजारों पुरुष बायकामुलें गांवीं ठेवून मुंबईस राहात. त्यांच्यासाठीं महिनेवारी खानावळी निघाल्या. परंतु त्याहि बहुधा जातीच्या किंवा गांवाच्या असत. मग आले इराणी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून यज्द आणि किरमान या भागांतून आलेल्या झरतुष्ट्री लोकांनीं रस्त्यांच्या कोपऱ्यांवर चहाचीं दुकानें थाटलीं. धोबी तलावाजवळचें कयानी १९०४ चें, तर बॅलार्ड पियरचें ब्रिटानिया १९२३ चें. तेथें वर्दळ इतकी कीं, शेजारीं बसलेल्याचें कुलगोत्र विचारण्यास कोणाला सवडच नसे. इकडे दादरास १९१० सालीं मामा काणे यांचें उपाहारगृह निघालें; माटुंग्यास १९४२ सालीं रामा नायक यांनीं उडुपी पद्धतीचें भोजनगृह काढलें. अशा रीतीनें एकेका समाजाचें घरगुती अन्न सर्व शहराचें झालें.

तथापि दार सर्वांना उघडें होतें असें समजणें ही स्वतःची फसवणूक ठरेल. अनेक ठिकाणीं अस्पृश्य मानलेल्या माणसाला आंत बसूं देत नसत. त्याचा पेला बाहेर निराळा ठेवीत आणि तो त्यानेंच धुवावा लागे. म्हणूनच रत्नागिरीस १९३३ सालीं सावरकरांच्या पुढाकारानें निघालेलें अखिल हिंदु उपाहारगृह आणि अनंत हरि गद्रे यांचीं झुणका-भाकर सहभोजनें यांना महत्त्व आहे. पण सद्‌भावनेवर सोडलेला न्याय केव्हांहि परत घेतां येतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, त्या समितीनें सिद्ध केलेली राज्यघटना २६ जानेवारी १९५० रोजीं अंमलांत आली. तिच्या १५ व्या अनुच्छेदानें उपाहारगृहांचा स्पष्ट नामनिर्देश करून तेथील प्रवेशास धर्म, जात, लिंग वा जन्मस्थान यांची आडकाठी चालणार नाहीं असें ठरविलें. १९५५ च्या कायद्यानें असा मज्जाव शिक्षेस पात्र केला. डोशाच्या बशीमागें एवढा इतिहास उभा आहे.

एक उणीव मात्र राहिली आहे. नागपुरांत हलबा कोष्टी विणकरांच्या घरचें झणझणीत सावजी जेवण सर्वांच्या आवडीचें झालें. परंतु कुरखेड्याच्या रानांतील वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, किंवा मोहाचीं फुलें शहराच्या पाटीवर क्वचितच दिसतात. चारोळी तेवढी मिठाईवर विराजमान होते, आणि ती वेंचणाऱ्या गोंड बाईचें नांव कोणास ठाऊक नसतें. पंगतींत बसण्याचा हक्क मिळाला. आतां पंगतीला आपलें अन्न वाढण्याचा मानहि मिळाला पाहिजे. कुरखेड्याचा माणूस शहरांत केवळ पाहुणा न राहतां यजमानहि होईल, तेव्हांच ही पंगत पुरी बसली असें आम्ही म्हणूं.